उत्खनन-नोंदी व अंकीय नकाशे

पुरातत्त्वीय उत्खननातील स्तर, वास्तू व वस्तू यांच्या नोंदी त्यांच्या नेमक्या स्थानासह संगणकात साठवून नकाशारूपाने अभ्यासण्याची पद्धती. वरचा थर काढल्याखेरीज खालचा दिसत नाही आणि काढलेला थर पूर्ववत करता येत नाही. त्यामुळे उत्खननानंतर पुष्कळसा पुरावा नोंदींतच उरतो.

भारतात मॉर्टिमर व्हीलर यांनी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक असताना (१९४४–४८) चौकोनी चरांच्या व स्तरनिहाय नोंदींच्या पद्धतीस शिस्त आणली. तथापि आराखडे, छेदचित्रे व वस्तूंच्या नोंदवह्या वेगवेगळ्या राहत आणि त्यांचा मेळ हातानेच घालावा लागे. १९६० नंतरच्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांनी विकसित केलेल्या भौगोलिक माहिती प्रणालीमुळे स्थान व वर्णन एकत्र जोडणे शक्य झाले. या प्रणालीत भिंत किंवा खड्डा बंदिस्त आकृतीने, तर मणी किंवा खापर बिंदूने दर्शवितात. टोटल स्टेशन या उपकरणाने कोन व अंतर मोजून सहनिर्देशक ठरवितात. प्रत्येक घटकाच्या स्वतंत्र क्रमांकामुळे त्याची आकृती, छायाचित्र व वर्णन परस्परांशी निगडित राहतात. त्यामुळे चुलींच्या आसपास जळके धान्य कोठे मिळाले, यासारख्या प्रश्नांची उत्तरे नकाशावरच शोधता येतात.

मात्र केवळ खोलीवरून काळ ठरत नाही. तुर्कस्तानातील चाताल ह्युयूक या नवाश्मयुगीन स्थळी जुन्या घरांवर नवी घरे बांधली गेली आणि मृतांना जमिनीखाली पुरण्यात आले. असे दफन खोल असले, तरी त्याने छेदलेल्या जमिनीपेक्षा ते उत्तरकालीन असते. म्हणून नकाशाला स्तरांचा पूर्वापर क्रम दाखविणाऱ्या आकृतीची जोड द्यावी लागते. अशी आकृती एडवर्ड हॅरिस यांनी १९७३ मध्ये तयार केली. चाताल ह्युयूक येथे जेम्स मेलार्ट (१९६१–६५) यांच्यानंतर इयन हॉडर यांच्या प्रकल्पात (१९९३–२०१८) अंकीय नोंदींचा विस्तृत वापर झाला.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. उत्खनकाने जे टिपले नाही, ते संगणक पुरवू शकत नाही आणि कागदी आराखड्यातील चूक अंकीय प्रतीतही उतरते. आज्ञावली कालबाह्य झाल्यास नोंदी वाचता येत नाहीत. म्हणून त्या खुल्या स्वरूपात, स्पष्टीकरणांसह व एकाहून अधिक ठिकाणी जतन करणे हा उत्खननाचाच भाग मानला जातो.