हरवलेली शायर परत आली

ऑस्ट्रेलिया देशात क्वीन्सलँड नावाचे राज्य आहे. त्याच्या उत्तरेला समुद्राकाठी डग्लस शायर आहे. शायर म्हणजे काय? आपल्या गावांची कामे पंचायत समिती नि जिल्हा परिषद बघते ना, तशी तिथल्या खेड्यापाड्यांची कामे शायरचे कौन्सिल बघते. रस्ते, पाणी, कचरा अशी ती कामे. लोक पट्टी भरतात नि मते देऊन सभासद निवडतात.

या भागात कुकू यलंजी लोक हजारो वर्षांपासून राहतात. गोरे लोक फार नंतर आले. डोंगरापलीकडे सोने सापडले, म्हणून १८७७ साली पोर्ट डग्लस हे बंदर वसले. १८८० साली डग्लस डिव्हिजन झाले. १९०३ साली त्यालाच शायर म्हणू लागले. मॉसमन गावात १८९७ पासून साखर कारखाना चालू झाला नि ऊस वाढला. पुढे शायरची कचेरी मॉसमनलाच आली.

मग २००८ साल आले. राज्य सरकार म्हणाले, लहान कौन्सिलांना खर्च झेपत नाही, मोठी करू. राज्यात १५७ कौन्सिले होती, त्यांची ७३ केली. १५ मार्चला डग्लस शायर मोडली नि केर्न्स शहराला जोडली. केर्न्स मॉसमनपासून सुमारे ७५ किलोमीटर लांब! डेनट्री नदीवर पूल नाही, पलीकडे जायला फेरीबोट लागते. त्या बोटीचा कारभारसुद्धा केर्न्सकडे गेला. शहरात माणसे जास्त, म्हणून मतेही त्यांचीच जास्त. आपलं कोण ऐकणार, असं खेड्यातल्या लोकांना वाटलं.

पण ते गप्प बसले नाहीत. आमची शायर परत द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. शेवटी ९ मार्च २०१३ ला सरकारने मतदान घेतले. वेगळे व्हायचा खर्च तुम्हालाच भरावा लागेल, हे आधीच सांगितले होते. तरी शंभरातल्या ५७ हून जास्त मतांनी हो म्हटले! १ जानेवारी २०१४ ला डग्लस शायर पुन्हा सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, पदरचे पैसे घालून कचेरी कशाला मागायची? मला वाटतं, कचेरी जवळ असली की आपलं गाऱ्हाणं चालत जाऊन सांगता येतं. लांबच्या कचेरीत आपल्याला कोण ओळखतो? म्हणून मोठ्या माणसांनी मतदान चुकवू नये, नि ग्रामसभेलाही जावे.