भयावरचे अ‍ॅप: समजुती आणि वस्तुस्थिती

वर्गात उभे राहून दोन वाक्ये बोलण्याच्या कल्पनेनेच ज्या मुलाच्या पोटात गोळा येतो, त्याच्या आईबापांना ‘एखादे अ‍ॅप डाऊनलोड करून द्या’ असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. आणि या सल्ल्याच्या मुळाशी जो सर्वांत मोठा गैरसमज आहे तो हा, की मन शांत झाले म्हणजे चिंता बरी झाली. दीर्घ श्वसनाने आणि संथ संगीताने घटकाभर उसंत मिळते, हे कबूल. परंतु चिंताविकार पोसला जातो तो टाळाटाळीवर. ज्याची धास्ती ते टाळले की तत्काळ हायसे वाटते, आणि त्या हायसे वाटण्यानेच भीती पुढल्या खेपेस अधिक बळावते. म्हणूनच मानसोपचारात भयाच्या विषयाला लहानलहान पायऱ्यांनी सामोरे जाणे हा उपचाराचा गाभा मानला जातो. ब्रिटनमधील ‘लुमी नोव्हा’ हा ७ ते १२ वर्षांच्या मुलांसाठीचा खेळ याच तत्त्वावर रचलेला आहे: कथा अंतराळातली असली, तरी दुकानदाराशी बोलण्यासारखी कामगिरी मुलाला मोबाइल खाली ठेवून, वडीलधाऱ्यांच्या सोबतीने, प्रत्यक्षातच पार पाडावी लागते. जे अ‍ॅप मुलाला असे आपल्यापासून दूर धाडत नाही, त्याची उपयुक्तता मला तरी मर्यादितच वाटते.

अ‍ॅप आले की माणसाची गरज सरली, ही दुसरी समजूत. ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांची पारख करणाऱ्या संस्थेने २०२३ साली अशा काही साधनांची शिफारस केली खरी, पण ती सौम्य ते मध्यम लक्षणांपुरती, जाणकाराच्या मार्गदर्शनासह, आणि अधिक पुरावा गोळा करण्याच्या अटीवर. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पालकांसाठी तयार केलेल्या ऑनलाइन कार्यक्रमाचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेहमीच्या उपचाराइतकाच गुण आला आणि उपचारकाचा वेळ सुमारे ४० टक्क्यांनी वाचला. अर्थात उरलेला वेळ त्याला द्यावाच लागला.

डाऊनलोडच्या आकड्यांवर भुलणाऱ्यांसाठी एवढेच, की मानसिक आरोग्याच्या ९३ लोकप्रिय अ‍ॅप्सच्या २०१९ मधील पाहणीत (ती केवळ मुलांच्या अ‍ॅप्सची नव्हती) पंधराव्या दिवशी ती उघडणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ३.९ टक्के होते.

राहता राहिली गुप्तता. डॉक्टरांच्या दप्तरातील मजकुराइतकाच अ‍ॅपमधला मजकूर सुरक्षित असतो, असे गृहीत धरण्यापूर्वी पालकांनी अटी वाचून खातरजमा करावी; कारण ‘बेटरहेल्प’ या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट आदींना पुरविल्याचा ठपका अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये त्या प्रकरणी ७८ लाख डॉलर भरण्याचा हुकूम झाला.

आणि मुलाची शाळा बुडू लागली, झोप उडाली, किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर अ‍ॅपची निवड करीत बसू नका; केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.