फायबर तुटली तरी शाखेचा दूरध्वनी कसा चालू राहतो?

नवी दिल्ली : रस्ता खोदताना जेसीबीखाली ऑप्टिकल फायबर सापडते आणि एखाद्या बँकेच्या शाखेतील सारे दूरध्वनी एकाच वेळी मुके होतात. बाहेरचा क्रमांक लागत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण शेजारच्या टेबलावरचा अंतर्गत क्रमांकही लागत नाही, तेव्हा कर्मचारी बुचकळ्यात पडतात.

याचे कारण इंटरनेट दूरध्वनीच्या रचनेत आहे. कोणता क्रमांक कोणत्या यंत्रावर आहे, याची नोंद शाखेत नसते. ती दूरच्या मुख्यालयातील किंवा क्लाउडवरील सर्व्हरवर असते. आवाज मात्र बहुतेक वेळा दोन यंत्रांमध्ये थेट प्रवास करतो. त्यामुळे शाखेअंतर्गत आधीच सुरू असलेले संभाषण अनेकदा टिकते. नवे जोडता येत नाही.

यावर रूढ उपाय म्हणजे शाखेच्या राउटरमध्येच छोटी पर्यायी व्यवस्था ठेवणे. सर्व्हरकडून ठरावीक काळ उत्तर न आल्यास दूरध्वनी यंत्रे या राउटरकडे नोंदणी करतात. अंतर्गत संभाषण पूर्ववत होते आणि बाहेरचे कॉल राउटरला जोडलेल्या स्थानिक लाइनवरून जातात. ध्वनिसंदेश, बैठकीचे कॉल यांसारख्या सुविधा तेवढ्या काळापुरत्या थांबतात. संपर्क पुन्हा जुळताच यंत्रे लगेच मूळ सर्व्हरकडे पाठवणे शहाणपणाचे नसते. जोडणी वारंवार तुटत असेल, तर यंत्रे दोहोंमध्ये हेलकावत राहतात. म्हणून मध्ये काही मिनिटांचा अवधी ठेवला जातो.

दुसरी जोडणी घेणे हा त्याहून सोपा वाटणारा मार्ग. तो फसवाही आहे. दोन्ही फायबर एकाच चरातून येत असतील, तर एकाच घावात दोन्ही तुटतात. ऑस्ट्रेलियात ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑप्टस कंपनीची स्थिर आणि मोबाइल अशा दोन्ही सेवा तासन्‌तास बंद पडल्या. सुमारे एक कोटी ग्राहकांना त्याचा फटका बसला आणि दोन हजारांहून अधिक लोकांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. ज्यांची मुख्य आणि राखीव जोडणी याच कंपनीची होती, त्यांच्या हाती काहीच उरले नाही. भारतात विनासमन्वय खोदकामाने केबल तुटू नयेत, यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप सुरू केले.

विजेचा प्रश्न याहून दुर्लक्षित. जुन्या दूरध्वनीला एक्स्चेंजकडूनच तारेतून वीज मिळे. नव्या यंत्राला ती शाखेतील स्विचकडून मिळते. त्यामुळे यूपीएस केवळ संगणकांना जोडून भागत नाही. स्विच, राउटर आणि फायबरचे मोडेम ही तिन्ही त्यावर हवीत.

कार्यालयीन वेळेनंतर मुख्य केबल मुद्दाम काढून या व्यवस्थेची चाचणी घेता येते. वापर नाही म्हणून लेखा विभागाने केव्हाच बंद केलेली स्थानिक लाइनही अशा चाचणीतच लक्षात येते.