पोटातला ‘ब्लास्टोसिस्टिस’ : नाव एक, प्रकार अनेक, रिपोर्ट पाहून लगेच घाबरू नका

वडगाव मावळ : मावळ आणि लोणावळा परिसरात पावसाळा लागला की पोटाच्या तक्रारी वाढतात. डॉक्टर शौचाची तपासणी लिहून देतात आणि रिपोर्टवर कधी कधी ‘ब्लास्टोसिस्टिस’ असं अवघड नाव येतं. घरचे धास्तावतात. काही जण थेट मेडिकलमधून गोळ्या आणतात. पण त्याआधी हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं.

नेमकं आहे काय?

ब्लास्टोसिस्टिस हा जंत नाही. हा एका पेशीचा, फक्त सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा परजीवी आहे. त्यामुळे शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी त्याच्यासाठी नसते. ती जंतांसाठी आहे आणि मुलांना जरूर द्यावी. जगात १०० कोटींहून जास्त लोकांच्या आतड्यात हा परजीवी असावा, असा अंदाज आहे.

दिसायला सारखे, आतून वेगळे

इंद्रायणी आणि आंबेमोहोरची रोपं लहान असताना सारखीच दिसतात. ब्लास्टोसिस्टिसचंही तसंच आहे. फक्त इथला फरक भाताच्या वाणांपेक्षा कितीतरी मोठा आहे. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे गोल गोलच दिसतात. जनुकं तपासली की मात्र वेगवेगळे प्रकार निघतात. २००७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यांना ‘एसटी १’, ‘एसटी २’ असे क्रमांक द्यायचं ठरवलं. आज ही यादी ३० च्या पुढे गेली आहे.

माणसात मुख्यतः एसटी १ ते ४ सापडतात, त्यातही एसटी ३ सर्वाधिक. एसटी ५ डुकरांत जास्त, तर ६ आणि ७ पक्ष्यांत आढळतात. गाई-गुरं आणि शेळ्या-मेंढ्यांतही वेगळे प्रकार आहेत. कोणता प्रकार सापडला यावरून तो माणसाकडून आला की जनावराकडून, याचा माग काढता येतो.

आजार होतोच का?

नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या निरोगी लोकांची तपासणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कसलाही त्रास नसलेल्यांमध्येही तो आढळला. काहींना मात्र जुलाब, पोटदुखी, गॅस होतो. त्रास प्रकारावर ठरतो की माणसाच्या आतड्यावर, यावर अजून एकमत नाही. नेहमीच्या लॅब रिपोर्टमध्ये प्रकार कळतही नाही. म्हणून त्रास नसेल तर बहुतेक वेळा औषध लागत नाही. त्रास असेल तर डॉक्टर आधी दुसरी कारणं तपासतात.

काय काळजी घ्याल?

– हा परजीवी शौचावाटे बाहेर पडतो आणि दूषित पाणी-अन्नातून, न धुतलेल्या हातांतून पोटात जातो.
– विहीर, झरा, ओढ्याचं पाणी उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या.
– पाण्यात क्लोरीन टाकणं थांबवू नका. कॉलरा, टायफॉइडसाठी ते गरजेचं आहे. मात्र ब्लास्टोसिस्टिस त्याला सहज दाद देत नाही.
– शौचानंतर, गोठ्यातलं काम झाल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा.
– मनाने गोळ्या घेऊ नका.

शौचात रक्त, ताप, वजन घटणं, न थांबणारे जुलाब किंवा बाळ मलूल पडणं, यातलं काहीही दिसलं तर ओआरएस सुरू करून लगेच जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.