परिच्छेदाचे पहिले वाक्य : मराठी वाक्यरचनेच्या दृष्टीने एक विचार

निबंधाचा किंवा परिच्छेदाचा आरंभ कसा करावा, या प्रश्नाचे उत्तर शालेय रचनापुस्तकांत बहुधा एकाच रीतीने दिलेले आढळते. एखादे सुभाषित द्यावे, एखादा प्रश्न विचारावा किंवा काही चमत्कृतिपूर्ण विधान करावे, म्हणजे वाचकाचे लक्ष वेधले जाते, असा हा उपदेश असतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही. पण अपुरा आहे. लक्ष वेधणे आणि लक्ष टिकविणे या दोन भिन्न क्रिया होत. पहिली एखाद्या शब्दानेही साधते. दुसरी वाक्याच्या घडणीवर अवलंबून असते, आणि ही घडण प्रत्येक भाषेत वेगळी असते. मराठीपुरता तिचा विचार येथे केला आहे. उदाहरणासाठी सोलापुरातील शुक्रवार पेठ हा साधा विषय घेतला आहे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा सोलापुरात शेजारी नांदतात. घरी एक भाषा बोलून शाळेत मराठीत निबंध लिहिणारी मुले तेथे थोडी नाहीत. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही.

१

'शुक्रवार पेठ' या विषयावरील निबंधाचे पुढील चार आरंभ पाहावेत.

(अ) सोलापूर हे महाराष्ट्रातील एक प्रसिद्ध शहर असून शुक्रवार पेठ ही त्यातील एक पेठ आहे.

(आ) मनुष्य हा समाजप्रिय प्राणी आहे, म्हणून तो वस्ती करून राहतो.

(इ) शुक्रवार पेठेत आठवड्याचे सातही दिवस शुक्रवारच असतो.

(ई) 'शुक्रवार पेठ' या नावातील वार कोणालाही कळतो; 'पेठ' या शब्दाचा अर्थ मात्र तो रोज उच्चारणाऱ्यांपैकी थोड्यांनाच सांगता येईल.

(अ) हे वाक्य निर्दोष आहे, पण ते वाचून वाचकाच्या मनात कोणतीही अपेक्षा उत्पन्न होत नाही. (आ) हे वाक्य ग्रंथालय, विवाहसंस्था, सहकार अशा कोणत्याही विषयाच्या आरंभी ठेवता येईल. जे सर्वत्र चालते ते कोणत्याही एका विषयाशी बांधलेले नसते. (इ) हे वाक्य वाचून वाचक हसेल. परंतु विनोद तेथेच संपतो, आणि लेखकाला दुसऱ्या वाक्यापासून पुन्हा आरंभ करावा लागतो.

(ई) या वाक्यात चमत्कृती नाही. पण त्याने लेखकाच्या डोक्यावर एक ऋण चढविले आहे. 'पेठ' म्हणजे काय, हे आता त्याला सांगितलेच पाहिजे. पुढील परिच्छेद आपोआप आकार घेतो. पेठ म्हणजे व्यापारउदीम चालावा म्हणून वसविलेली बाजाराची वस्ती. मराठेशाहीत नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांना काही काळ करांत सूट देण्याची वहिवाट होती, आणि शेटे व महाजन हे पेठेचे वतनदार असत. कन्नडमध्ये 'पेटे' आणि तेलुगूत 'पेट' हे शब्द बाजाराची वस्ती याच अर्थाने आढळतात. होसपेटे, चिकपेटे ही स्थलनामे प्रसिद्धच आहेत. म्हणजे हा शब्द सोलापुरातील मराठी, कन्नड आणि तेलुगू भाषकांना सारखाच घरचा वाटावा असा आहे. ही सर्व माहिती पहिल्या वाक्याने मागितलेली आहे. (इ) हे वाक्य लक्ष वेधते. (ई) हे वाक्य लक्ष बांधून ठेवते.

२

हा परिणाम कोणत्या रचनेमुळे घडतो? मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. तटस्थ वाक्यात जे वाचकाला आधीच ठाऊक असते ते प्रारंभी येते आणि जे नवे सांगावयाचे ते क्रियापदाच्या निकट येते. आपल्या शास्त्रकारांनी यालाच उद्देश्य आणि विधेय अशी नावे दिली. विधेयाला वाक्यात त्याचे प्राधान्य न मिळाल्यास होणारा दोष मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त (अकरावे शतक) 'अविमृष्टविधेयांश' या नावाने नोंदविला आहे. विसाव्या शतकात प्राग येथील भाषाशास्त्रज्ञ विलेम माथेसिउस याने ज्ञात आणि नवीन या भेदावर वाक्याचे जे विश्लेषण उभारले, त्याचे या विचाराशी जवळचे नाते आहे.

पुढील दोन वाक्यांत माहिती एकच आहे :

रामजोशी सोलापूरचे होते.

सोलापूरचे होते ते रामजोशी.

पहिले वाक्य 'रामजोशी कोठले?' या प्रश्नाचे उत्तर आहे. ते वाचकाला सोलापुराकडे नेते. दुसरे वाक्य 'सोलापूरचे कोण?' या प्रश्नाचे उत्तर आहे. ते वाचकाला रामजोशींकडे नेते. आता पहिले वाक्य लिहून लेखक पुढे रामजोशींच्या लावण्यांविषयी लिहू लागला, तर वाचकाला किंचित धक्का बसतो. तो उभा असतो सोलापुरात, आणि लेखक निघून गेलेला असतो लावणीकडे. विद्यार्थ्यांच्या निबंधांत 'विस्कळीतपणा' म्हणून जो दोष दाखविला जातो, त्याचे मूळ कित्येकदा विचारांत नसून पहिल्या वाक्याच्या अशा शब्दक्रमात असते.

याच नियमातून एक मर्यादाही निघते. क्रियापद शेवटी असल्यामुळे मराठी वाक्यात औत्सुक्य स्वभावतःच असते. परंतु वाट पाहण्याची वाचकाची शक्ती अमर्याद नसते. 'इ.स. १८७७ मध्ये सुरू झालेल्या, दूरदूरच्या खेड्यांतून कामगारांना आकर्षून घेणाऱ्या, शहराच्या दिनक्रमाला भोंग्याचे वळण लावणाऱ्या पहिल्या कापडगिरणीने सोलापूरचे रूप बदलले' या वाक्यात वाचक 'गिरणी' या शब्दापर्यंत पोहोचतो तेव्हा विशेषणांच्या ओझ्याने थकलेला असतो. 'सोलापूरचे रूप बदलले ते १८७७ साली सुरू झालेल्या कापडगिरणीने' असे म्हटल्यास बदल आधी कळतो, कारण शेवटी येते, आणि पुढील परिच्छेद गिरणीविषयी लिहिण्यास वाट मोकळी होते.

३

प्रश्नाने आरंभ करण्याच्या उपदेशाचाही याच दृष्टीने विचार करावयास हवा. इंग्रजीत क्रियापद किंवा प्रश्नार्थक शब्द पुढे येतो. वाक्य प्रश्नार्थक आहे हे पहिल्याच शब्दाने कळते. मराठीत ज्या प्रश्नाचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असे असते, त्याचे चिन्ह 'का' किंवा 'काय' हे बहुधा अखेरीस येते. तोपर्यंत लेखी वाक्य विधानासारखेच चालते.

या रचनेचे सामर्थ्य किती असू शकते, हे 'केसरी'च्या एका मथळ्यावरून दिसते. पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तातील जुलूम आणि रँडवरील हल्ला यांनंतर सरकारने जे कठोर धोरण स्वीकारले, त्यावर टिळकांनी जुलै १८९७ मध्ये लिहिलेल्या अग्रलेखाचा मथळा होता : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' शेवटचा शब्द काढून टाकल्यास हे सरकारला दिलेले प्रशस्तिपत्रच ठरते. त्या एका शब्दाने विधान उलटते. शिवाय हा प्रश्न शोभेसाठी विचारलेला नव्हता. संपूर्ण लेख हे त्याचे उत्तर होते. ज्या प्रश्नाचे उत्तर लेखकाला पुढे द्यावयाचे नाही, तो प्रश्न आरंभी विचारणे म्हणजे वाचकाची फसवणूक होय.

४

आरंभाचे हे शास्त्र मराठीला परके नाही. ग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी स्पष्ट असाव्यात, असे संस्कृत शास्त्रकार सांगतात. यालाच अनुबंधचतुष्टय म्हणतात. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम आणि उपसंहार यांची एकवाक्यता प्रथम पाहावी, असाही दंडक आहे. रोमन वक्तृत्वशास्त्रकार क्विंटिलियन (पहिले शतक) यानेही आरंभाचे कार्य श्रोत्याला अनुकूल, सावध आणि ग्रहणोत्सुक करणे हे सांगितले. त्याला चकित करणे हे नव्हे.

लावणी आणि कीर्तन या दोन्ही क्षेत्रांत कीर्ती मिळविलेल्या रामजोशींच्या नगरीत याचे प्रात्यक्षिक कोणालाही सुचावे. कीर्तनकार निरूपणासाठी निवडतो तो अभंग श्रोत्यांना बहुधा पाठच असतो. नावीन्य नसतानाही लक्ष खिळते, कारण त्यातून काय निघणार याची उत्कंठा असते. लावणीचे ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते, आणि परत येताना त्याचा अर्थ वाढलेला असतो. निबंधाच्या पहिल्या वाक्याचीही हीच कसोटी लावता येईल. ते लेखाच्या अखेरीस पुन्हा वाचून पाहावे. त्याचा अर्थ वाढला असेल तर ते योग्य ठिकाणी आहे.

पहिल्या वाक्यावर एवढा भार मुद्रणयुगात पडला, हेही लक्षात घ्यावयास हवे. मोडी लेखनात शब्द बहुधा न तोडता लिहिले जात आणि आजच्या अर्थाने परिच्छेद नसत. विषय बदलल्याची सूचना 'आता', 'तर', 'मग', 'असो' असे शब्द देत. एकोणिसाव्या शतकात छपाई आली आणि मेजर कँडी प्रभृतींच्या प्रयत्नांनी विरामचिन्हे रूढ झाली. पुढे हे काम कोऱ्या जागेने उचलले. कोरी जागा विषय बदलला एवढेच सांगते. कोठे चाललो आहोत, हे पहिल्या वाक्यालाच सांगावे लागते.

५

आता शाळेतील मुलाकडे वळणे इष्ट होय. समजा, 'आमची चादर' या विषयावर सोलापुरातील एका विणकराच्या मुलाने पहिले वाक्य असे लिहिले : 'आमच्या घरी माग आहे, पण चादर आम्ही विकत आणली.' शिक्षकांनी ते खोडून 'वस्त्र ही मानवाची मूलभूत गरज आहे' असे वाक्य सांगितले. खोडलेल्या वाक्यात सर्व काही होते : ज्ञात गोष्ट आधी, नवी गोष्ट नंतर, आणि मध्ये 'पण' हे अव्यय. विणकराला चादर विकत का आणावी लागली, याचे उत्तर आता मुलाला द्यावेच लागले असते, आणि ते त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणालाही देता आले नसते. सांगितलेल्या वाक्याने ते उत्तर बंद केले.

या मुलाची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा उर्दू असली तरी फरक पडत नाही. या तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः शेवटीच येते. ज्ञाताकडून नव्याकडे जाण्याची चाल त्याच्या अंगवळणी पडलेली असते. त्याच्या लेखनात लिंग, वचन किंवा विभक्तिप्रत्यय यांच्या चुका होतील. त्या सुधारता येतात. परंतु वाक्याचा आरंभ कोठून करावा हे तो घरूनच शिकून आलेला असतो. तयार आरंभ पाठ करविल्याने त्याची मराठी सुधारत नाही. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, एवढेच तो शिकतो.

म्हणून रचनेच्या तासाला आरंभांची यादी देण्यापेक्षा प्रत्येक पहिल्या वाक्याला तीन प्रश्न विचारावेत. हे वाक्य दुसऱ्या विषयाच्या आरंभी चालेल काय? ते कोठे संपते, आणि पुढील वाक्य तेथूनच निघते काय? त्याने जे मागितले ते परिच्छेदाने दिले काय? बहुभाषिक शहरांतील शाळांतून विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेली पहिली वाक्ये, शिक्षकांच्या दुरुस्तीपूर्वीच्या रूपात, घरच्या भाषेच्या नोंदीसह संगृहीत झाल्यास मराठी वाक्यरचनेच्या अभ्यासाला मोलाची सामग्री मिळेल, आणि निबंधलेखनाच्या अध्यापनालाही तिचा उपयोग होईल.