लखनौहून कराचीला जायचं तर

लखनौच्या कैसरबाग बसस्थानकावरून बहराइच, नानपाऱ्यामार्गे रुपईडीहाला बस सुटते. सकाळी बसलेला माणूस दुपारी नेपाळच्या वेशीवर उतरतो, ई-रिक्षाने पलीकडे नेपाळगंजात जातो, खरेदी उरकतो आणि वाटलं तर संध्याकाळच्या बसने परत येतो. पासपोर्ट लागत नाही, व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री कराराने ही मोकळीक दिली आणि ती आजही आहे. विमानाने काठमांडू गाठायचं असेल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, एवढंच.

याच लखनौच्या चौकात, नक्खासमध्ये, काश्मिरी मोहल्ल्यात अशी कितीतरी घरं आहेत, ज्यांची मावशी, काका, चुलत भावंडं कराचीच्या नाझिमाबादेत किंवा लियाकताबादेत राहतात. कराचीत लखनौच्या नावाची सोसायटीही आहे. नेपाळगंजात या घरांचं कुणी नाही. कराचीला मात्र यांच्यापैकी एखाद्याला जायचं असेल, तर त्याने भरायचे कागद, त्यावरच्या सह्या आणि पोलीस ठाण्यातली हजेरी यांचा इतिहास पंचाहत्तर वर्षांहून जुना आहे. तो चाळताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपण समजतो, माणसं परकी होती म्हणून त्यांना व्हिसा लागला. इथे क्रम उलटा आहे. कागद आधी लागू झाले, आणि त्या कागदांनीच माणसांना परकं केलं.

फाळणीनंतर जवळजवळ अकरा महिने दोन देशांत जायला-यायला कसलाच परवाना नव्हता. गाड्यांवर हल्ले होते, जिवाची भीती होती, पण अर्ज नव्हता. उत्तर प्रदेशातले (तेव्हाचे संयुक्त प्रांत) बरेच मुसलमान या काळात कराचीला गेले ते कायमचे गेलो असं समजून गेलेच नाहीत. कुणी नोकरी बघायला गेला, कुणी दंगल शमेपर्यंत. लखनौच्या राजकारणातले मुस्लिम लीगचे बडे नेते चौधरी खलीकुझ्झमान मात्र तिकडचेच झाले. १९४८ च्या पूर्वार्धात गेलेल्यांतले अनेकजण परतू लागले. इकडे त्यांच्या घरांत पश्चिम पंजाब आणि सिंधमधून आलेले निर्वासित राहत होते. ही घरं कुणाची, हा प्रश्न होता, आणि त्याचं सरकारी उत्तर म्हणजे परमिट. जुलै १९४८ मध्ये वटहुकूम निघाला आणि पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्याला भारताचं परमिट सक्तीचं झालं. त्याच वर्षी पाकिस्ताननेही आपली परमिट-पद्धत आणली. तात्पुरत्या भेटीचं परमिट वेगळं, कायमच्या परतीचं वेगळं. पहिलं त्या मानाने सहज मिळे, दुसरं दुर्मिळ.

कराचीत ही परमिटं देणारं कार्यालय म्हणजे भारताचं उच्चायुक्तालय. तिथले पहिले उच्चायुक्त होते बनारसचे श्रीप्रकाश. हे नाव मराठी वाचकाला कुठेतरी वाचल्यासारखं वाटेल. पुढे मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० नंतर महाराष्ट्राचे पहिले राज्यपाल झाले ते हेच. उत्तर प्रदेशचा माणूस कराचीत बसून उत्तर प्रदेशच्याच माणसांना घरी परतायची परवानगी देत होता किंवा नाकारत होता.

जगात फार थोड्या राज्यघटनांमध्ये प्रवासाच्या परमिटाचा उल्लेख असेल. आपल्या घटनेत तो आहे. सहाव्या कलमात १९ जुलै १९४८ ही तारीख आहे. सातवं कलम सांगतं की १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेला माणूस भारताचा नागरिक मानला जाणार नाही, मात्र पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटावर तो आला असेल तर गोष्ट वेगळी. ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत या कलमांवरून खडाजंगी झाली. उत्तर प्रदेशचे जसपतराय कपूर परमिटाच्या सवलतीवर तुटून पडले. आपले विदर्भाचे पंजाबराव देशमुखही त्या चर्चेत होते आणि नागरिकत्व फार स्वस्त केलं जातंय, ही त्यांची तक्रार होती. सवलत टिकली. पण कराचीच्या खिडकीवर कोणत्या प्रकारचं परमिट हाती पडलं यावर माणसाचा देश ठरणार, हेही त्याबरोबर पक्कं झालं.

याचा अर्थ काय होतो ते बिहारमधल्या एका जमीनदार घराण्यातल्या राणीच्या खटल्यात दिसतं. जुलै १९४८ मध्ये त्या कराचीला गेल्या, उपचारांसाठी गेले होते असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरमध्ये तात्पुरत्या परमिटावर आल्या आणि मुदत संपल्यावर परत गेल्या. १९५० मध्ये कायमच्या परतीचं परमिट मिळालं, त्यावर त्या आल्या, आणि दोन महिन्यांत ते रद्द झालं. तोवर जमिनीही निष्क्रांत-मालमत्ता, म्हणजे देश सोडून गेलेल्यांची मिळकत, ठरलेल्या. १९५५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की त्यांनी स्थलांतर केलं होतं आणि त्या भारताच्या नागरिक नाहीत. पतीचं घर भारतात असणं कामाला आलं नाही. तात्पुरतं परमिट घेतलं, ते संपल्यावर परतल्या, हेच त्यांच्याविरुद्ध गेलं. उलट आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, मुंबई राज्यातून गेलेल्या इब्राहिम वझीर मावत यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने परमिटाशिवाय आला एवढ्यावरून नागरिकाला देशाबाहेर काढता येणार नाही, असं सांगून परमिटासंबंधीच्या १९४९ च्या कायद्यातलं हद्दपारीचं कलम रद्द केलं होतं. म्हणजे नागरिक असाल तर तुम्हाला संरक्षण. पण नागरिक आहात की नाही ते मुळात ठरवायचं कशावरून?

परमिटाचा जमाना १९५२ मध्ये संपला. १५ ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आणि व्हिसा आला, पूर्वेच्या सीमेवरसुद्धा, जिथे परमिट कधीच नव्हतं. फक्त या दोन देशांपुरता चालणारा वेगळा ‘भारत-पाकिस्तान पासपोर्ट’ निघाला. लखनौच्या बाजूने बघा. कराचीत अडकलेल्या धाकट्या भावाला बहिणीच्या लग्नाला यायचंय. भारताचा पासपोर्ट त्याला तिथे कोण देणार? तो पाकिस्तानचा काढतो, व्हिसा लावतो आणि येतो. त्याच्या लेखी ते प्रवासाचं साधन. मग १९५५ चा नागरिकत्व कायदा आला, १९५६ चे नियम आले, आणि त्यांत एक ओळ होती: परदेशाचा पासपोर्ट मिळवणं हा त्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्याचा निर्णायक पुरावा. निर्णायक म्हणजे पुढे बोलायची सोयच नाही. या नियमाला इझहार अहमद खान खटल्यात आव्हान दिलं गेलं, आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो वैध ठरवला. बहुमताचा निकाल लिहिला न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकरांनी. कायद्याच्या दृष्टीने तो निकाल नेटका असेल. मला मात्र त्यातला ‘स्वेच्छेने’ हा शब्द पचत नाही. लग्नाला यायला दुसरी वाटच नव्हती.

आणि या कथेतला सगळ्यात चमत्कारिक तपशील यापुढचा. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्यात ब्रिटिश प्रजाजन म्हणून जन्मलेल्याला ‘परकीय’ म्हणता येत नव्हतं. अविभाजित हिंदुस्थानात जन्मलेला पाकिस्तानी हा त्यामुळे पासपोर्ट, व्हिसा, मुदत सगळं लागू असूनही कायद्याने परकीय नव्हता! व्याख्या बदलली ती थेट जानेवारी १९५७ मध्ये. दरम्यान उत्तर प्रदेशात माणसं मुदत संपूनही राहिल्याबद्दल तुरुंगात जात होती. फिदा हुसेन यांचा खटला असाच. १९५३ मध्ये ते पाकिस्तानी पासपोर्टावर आले, व्हिसाची वाढीव मुदत संपली तरी परतले नाहीत, शिक्षा झाली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, कारण ते आत आले त्या दिवशी परकीय नव्हतेच. पासपोर्ट लागू झाल्यापासून चार वर्षांहून अधिक काळ हे शासन परकीय नसलेल्यांकडून परकीयांचे कागद मागत होतं.

ज्यांची वर ओळख होती त्यांच्यासाठी वाटा थोड्या सैल होत्या. लखनौत जन्मलेले सज्जाद झहीर कम्युनिस्ट पक्ष बांधायला पाकिस्तानात गेले, १९५१ च्या रावळपिंडी कटात तुरुंगात पडले आणि सुटल्यावर भारतात परतले. लखनौ विद्यापीठात शिकलेल्या कुर्रतुलऐन हैदर १९४७ मध्ये तिकडे गेल्या, त्यांची कादंबरी ‘आग का दरिया’ १९५९ मध्ये तिकडेच प्रसिद्ध झाली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्या परतल्या. पुढची बरीच वर्षं त्यांनी मुंबईत इंग्रजी पत्रकारितेत काढली. मलिहाबादचे शायर जोश उलटे, पद्मभूषण मिळाल्यानंतर पाकिस्तानात गेलेले.

महमूदाबादच्या राजांची गोष्ट तर लखनौत पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना पाठ. मुस्लिम लीगचे एकेकाळचे खजिनदार राजा अमीर अहमद खान यांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचं नागरिकत्व घेतलं. पत्नी आणि मुलगा भारतातच राहिले, भारतीयच राहिले. १९६५ चं युद्ध झालं, बटलर पॅलेस आणि हजरतगंजातल्या मोक्याच्या इमारतींसह सगळी मिळकत शत्रू-मालमत्ता ठरली. १९६८ च्या कायद्याने ती ज्यांच्या ताब्यात गेली त्या कस्टोडियनचं कार्यालय अनेक वर्षं मुंबईत, बॅलार्ड इस्टेटच्या कैसर-ए-हिंद इमारतीत होतं. राजे १९७३ मध्ये लंडनला वारले. मुलगा तीसेक वर्षं भांडला आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. मग २०१७ च्या दुरुस्तीने शत्रूच्या भारतीय वारसालाही मालमत्तेवरचा हक्क उरला नाही, तोही पूर्वलक्षी प्रभावाने. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो मुलगाही गेला. बापाने बदललेल्या पासपोर्टाची किंमत भारतीय मुलाने आयुष्यभर मोजली.

सामान्य माणसाची व्हिसाची रीत १९७४ च्या करारापासून एप्रिल २०२५ पर्यंत बरीचशी तीच होती. या व्हिसावर देश मिळत नसे, शहरं मिळत. जुन्या नियमात तीन, ८ सप्टेंबर २०१२ च्या इस्लामाबाद करारानंतर पाच. कराचीच्या आत्याला लखनौ मिळालं असेल आणि भाची कानपूरला नांदत असेल, तर कानपूर अर्जात आधीच लिहिलेलं लागे. नाहीतर भाचीनेच लखनौला यायचं. इकडच्या नातेवाइकाने प्रायोजकाचं प्रमाणपत्र द्यायचं, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्यासारख्या कुणाची सही-शिक्का घ्यायचा. अशी सही करायला अधिकारी सहसा राजी नसे. ओळखीतून, मिनतवारीने ती मिळवावी लागे. पाहुणा पोचला की चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद, निघण्यापूर्वी पुन्हा. उत्तर प्रदेशात या कामाचं नाव एलआययू, म्हणजे पोलिसांचा स्थानिक गुप्तवार्ता विभाग. आत्या आली की पहिल्या दिवशी बिर्याणीआधी एलआययू, हे घरात सगळ्यांना माहीत असे. नंतर एखादा शिपाई चौकशीला घरी येई, चहा घेई, शेजाऱ्यांना दोन प्रश्न विचारी. त्या दोन प्रश्नांच्या धास्तीने काही घरांनी पाहुणे बोलावणंच सोडून दिलं.

२०१२ च्या कराराने बारा वर्षांखालची मुलं आणि पासष्टीपुढची माणसं यांची पोलीस-हजेरी माफ केली. अटारीला पायी पोचणाऱ्या पासष्टीपुढच्यांना तिथेच पंचेचाळीस दिवसांचा व्हिसा देण्याचंही ठरलं. १५ जानेवारी २०१३ पासून ते सुरू व्हायचं होतं. त्याच महिन्यात नियंत्रण रेषेवर चकमक झाली आणि ती योजना तिथेच थांबली. त्या यादीत बसणाऱ्यांतल्या थोरल्या पिढीला फाळणीपूर्वीचं लखनौ आठवत होतं. आता ती पिढी जवळजवळ संपली.

वाटांचंही तेच. १९६५ नंतर रेल्वे बंद, २२ जुलै १९७६ ला समझोता एक्सप्रेस. लखनौकराने दिल्लीला जाऊन पाकिस्तानी उच्चायुक्तालयात अर्ज भरायचा, पुन्हा दिल्लीमार्गे अटारी, लाहोर, आणि तिथून जवळजवळ १,२०० किलोमीटर दक्षिणेला कराची. १९९४ मध्ये कराचीतला भारतीय वाणिज्य दूतावास बंद झाला, तेव्हापासून कराचीकराचा अर्ज इस्लामाबादला. फेब्रुवारी २००६ मध्ये जोधपूरहून मुनाबावमार्गे थार एक्सप्रेस सुरू झाली. तिचा खरा उपयोग आपल्याकडच्यांना झाला. रत्नागिरी-रायगडच्या कोकणी मुसलमानांची कितीतरी कुटुंबं मुंबई-कराची बोटीच्या काळापासून तिकडे आहेत, कराचीत कोकण सोसायटी आहे. उल्हासनगरच्या आणि नागपूरच्या जरीपटक्यातल्या सिंधी घरांनाही ती गाडी जवळची होती. ऑगस्ट २०१९ मध्ये समझोता आणि थार दोन्ही थांबल्या.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी अटारी बंद करण्याचा निर्णय झाला, आणि पाकिस्तानी नागरिकांना दिलेले व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द. वैद्यकीय व्हिसाला २९ पर्यंत मुदत. दीर्घ मुदतीचा व्हिसा म्हणजे एलटीव्ही मात्र कायम राहिला. इथे लग्न होऊन आलेल्या कराचीच्या मुलींचा आधार हाच. नागरिकत्वासाठी अर्ज करायला सात वर्षांचा वास लागतो, तोवर एलटीव्ही वाढवत राहायचा. जरीपटक्यात नव्याने आलेल्या सिंधी हिंदूंकडेही हाच कागद. फरक असा की ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदूंना २०१९ च्या दुरुस्तीने वेगळी वाट मिळाली, तशी लखनौच्या सुनेला नाही. अटारीवर त्या आठवड्यात आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलांचा दुसऱ्या देशाचा, अशी कुटुंबं दोन रांगांत विभागली गेली.

१ सप्टेंबर २०२५ पासून १९४६ चा तो परकीय नागरिक कायदा इतिहासजमा झाला; त्याच्यासह १९२० चा पासपोर्टाचा आणि १९३९ चा नोंदणीचा कायदाही. जागी एकच नवा कायदा आहे. कायदा बदलला तरी वाट उघडली नाही; नातेवाईक आता भेटतात ते दुबईत, मक्केत, किंवा इमाम हुसेनच्या चाळिसाव्याला कर्बल्यात. लखनौहून विमानाने आखातात जाता येतं, कराचीहूनही जाता येतं, आणि दोघांनाही तिथला व्हिसा एकमेकांच्या देशाच्या व्हिसापेक्षा लवकर मिळतो.

राहिली नातवंडं. टोरांटोत वाढलेली, कॅनडाचा पासपोर्ट असलेली मुलगी आजोबांचं लखनौ बघायला निघाली तर भारताच्या ऑनलाइन अर्जात तिला विचारलं जातं: आईवडील किंवा आजी-आजोबा, आईकडचे वा वडलांकडचे, पाकिस्तानचे नागरिक होते का? आजोबा लखनौत जन्मले, पासपोर्ट कराचीत काढला. तिने ‘होय’वर खूण केली की इतर कॅनेडियनांना मिळणारा झटपट ई-व्हिसा तिच्यासाठी मिटतो आणि अर्ज वाणिज्य दूतावासाच्या चौकशीत जातो. ती चौकशी काही महिने चालते.