गव्हाणीचा बोध

नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा एक मुख्य सण होय, हे आमच्या शाळेतील अगदी खालच्या इयत्तेतील मुलासही ठाऊक असते. कागदाचे तारे, मेणबत्त्या, केक, सांता क्लॉज आणि सुट्टी ह्या गोष्टी सर्वांच्याच परिचयाच्या झाल्या आहेत. परंतु ह्या सगळ्या थाटाच्या मुळाशी जी एक साधी वस्तू आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती वस्तू म्हणजे गव्हाण. आमच्या शाळेत नाना धर्मांची व नाना भाषांची मुले एका बाकावर बसून शिकतात. म्हणून पुढील विवेचन केवळ ख्रिस्ती वाचकांसाठी नाही.

प्रथम सणाच्या नावाविषयी थोडेसे. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला असून त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जन्मासंबंधीचा' असा आहे. येशू ख्रिस्ताच्या जन्माची तारीख पवित्र शास्त्रात कोठेही दिलेली नाही. २५ डिसेंबर ह्या दिवशी रोम शहरात हा जन्मोत्सव होत असल्याचा उल्लेख इ. स. ३३६ सालचा सापडतो. तेव्हा तारखेपेक्षा घटनेचा अर्थच अधिक महत्त्वाचा समजावा.

आता गव्हाणीकडे वळू. गुरांना चारा घालण्यासाठी गोठ्यात दगडामातीची किंवा लाकडाची जी लांबट, खोलगट जागा केलेली असते, तिला गव्हाण म्हणतात. लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात असे सांगितले आहे की, रोमी बादशहाच्या हुकमावरून नावनिशी लिहिली जाऊ लागली, तेव्हा योसेफ हा गरोदर मरीयेला घेऊन नासरेथाहून बेथलेहेमास गेला. हा प्रवास शंभर किलोमीटरांहून अधिक होता. तेथे असता मरीयेचे दिवस भरले, ती प्रसूत झाली, आणि उतरण्याच्या ठिकाणी जागा नसल्यामुळे तिने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले.

शाळाशाळांतून नाताळची नाटके होतात, त्यांत एक कठोर धर्मशाळावाला हटकून असतो. तो दार उघडतो, "जागा नाही" म्हणून ओरडतो आणि दार लावून घेतो. मौज अशी की, शुभवर्तमानात हा मनुष्य मुळीच नाही. लूकाने जो ग्रीक शब्द योजिला आहे, तो 'कातालूमा' असा आहे. ओझी सोडून विसावा घेण्याचे ठिकाण, म्हणजेच मुक्कामाची जागा, असा त्याचा अर्थ. हाच शब्द लूकाने पुढे बाविसाव्या अध्यायात, ख्रिस्ताने शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन केले त्या घरातील खोलीसाठी वापरला आहे. उलट, चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी धर्मशाळा आली आहे, तेथे त्याने निराळाच शब्द घातला आहे. ह्यावरून पुष्कळ अभ्यासकांचे असे मत झाले आहे की, बेथलेहेमात भरलेली होती ती धर्मशाळा नव्हे, तर कोणा गृहस्थाच्या घरातील पाहुण्यांची खोली.

त्या देशातील गरीब शेतकऱ्याचे घर कसे असे, हे ध्यानात घेतले म्हणजे उलगडा होतो. बहुधा एकच मोठी खोली असावयाची. तिच्या उंच भागावर माणसे राहात व सखल भागात रात्री गुरे बांधीत. गव्हाणी ह्या दोहोंच्या सीमेवर असत. आपल्या महाराष्ट्रातील जुन्या घरांतूनही माणसांचे बिऱ्हाड व गुरांचा गोठा एकाच छपराखाली असे, हे आपल्या आजोबा-आजींना विचारून पाहावे. तेव्हा बेथलेहेमाची गोष्ट हाकलून दिल्याची नसून, भरल्या घरात कशीबशी जागा करून दिल्याची असावी, असे म्हणता येते. ज्यांच्याजवळ मोठा वाडा होता, त्यांच्याकडे नव्हे, तर ज्यांच्याजवळ एक गव्हाण तेवढी मोकळी होती, त्यांच्याकडे प्रभूने वस्ती केली!

ख्रिस्ती श्रद्धेचे मर्म ह्याच ठिकाणी आहे. देवाने आपले वैभव बाजूस ठेविले आणि तो तान्ह्या बाळाएवढा लहान झाला, असा आमचा विश्वास आहे. ज्याने आमच्यासाठी एवढा संकोच सोसला, त्याची भक्ती केवळ गीते गाऊन पुरी होत नाही. आपणही थोडे आकसून दुसऱ्यास जागा द्यावी, हीच तिची रोजची परीक्षा होय.

महाराष्ट्रात ही परीक्षा उत्तम रीतीने उतरलेली एक विदुषी होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आपले आईबाप गमावले होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगाचा कहर चालू होता व इतक्या जणींना तेथे ठेवण्याची सोय नव्हती. तेव्हा केडगाव येथील आपल्या शेतावर त्यांनी सर्वांना आश्रय दिला. इमारती तयार नव्हत्या. तात्पुरत्या झोपड्यांतच संसार मांडावा लागला. 'मुक्ती' ह्या संस्थेचा उदय तेथे झाला. रमाबाई 'आधी इमारत, मग माणसे' असे म्हणत बसल्या असत्या, तर त्या मुलींचे काय झाले असते?

परंतु इतक्या दूर तरी कशास जावे? आपल्या पत्त्यात आपण 'कॅम्प नं. ३' असे नित्य लिहितो. कॅम्प म्हणजे छावणी, अर्थात मुक्कामाची जागा. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सुमारे एक लाख लोकांना सैनिकांच्या ह्याच बराकींत आश्रय मिळाला. एकेका बराकीत अनेक कुटुंबांनी चुली मांडल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते ह्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्पमधील पुष्कळ मुलांच्या घरी पणजोबांच्या त्या दिवसांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. अशा मुलांना बेथलेहेमाची कथा परकी वाटण्याचे कारण नाही. ख्रिस्तालाही बालपणीच हेरोद राजाच्या भयाने मिसर देशात आश्रय घ्यावा लागला होता, असे मत्तय सांगतो.

ही वृत्ती आजही नष्ट झालेली नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला महापूर आला आणि मुंबईहून कोल्हापुरास जाणारी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी ह्यांच्या दरम्यान पाण्यात अडकली. गाडीत हजारांहून अधिक प्रवासी होते व त्यांत नऊ गरोदर स्त्रिया होत्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल इत्यादिकांच्या जवानांनी सर्वांस सुखरूप बाहेर काढले. आसपासचे रहिवासीही मदतीस धावून गेले. तेथे कोणी कोणाची जात, भाषा वा धर्म विचारला नाही.

संकटात मनुष्याचे मन आपोआप विशाल होते. कठीण आहे ते रोजच्या व्यवहारात. नाताळात आमच्या घरी करंज्या, लाडू, चिवडा होतो आणि शेजाऱ्यांकडे ताटे जातात. ही चाल गोड आहे, व ती चालू राहावी. परंतु ताट देणे सोपे, जागा देणे अवघड. ताट दिल्याने आपले काही अडत नाही. जागा दिली म्हणजे आपली जागा तेवढी कमी होते. अंबरनाथहून निघालेल्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथा येतो, तेव्हा "जरा सरका" हे शब्द ऐकून आपल्या कपाळाला आठी पडते की नाही, हे प्रत्येकाने मनाशी पाहावे. एका खोलीच्या घरात आजारी आजीची खाट नीट मावावी म्हणून आपले दप्तर उचलून दुसरीकडे बसणे, वर्गात नव्याने आलेल्या व आपली भाषा न समजणाऱ्या मुलाला मधल्या सुट्टीत आपल्या घोळक्यात घेणे, घरी काम करावयास येणाऱ्या बाईला उभे न ठेवता बसावयास सांगणे, ह्या गोष्टी लहान आहेत खऱ्या. पण गव्हाण तरी कोठे मोठी होती?

पालकांनाही एक नम्र विनंती आहे. मुले उपदेशापेक्षा उदाहरणाने लवकर शिकतात. दारी आलेल्यासाठी आई-वडील सरकून बसतात, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला परोपकारावर निबंध पाठ करण्याची गरज उरत नाही.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या नाताळात दारावर तारा अवश्य लावा. मात्र त्याबरोबर आपल्या घरात, बाकावर व मनात एका माणसापुरती जागा रिकामी ठेवा. परमेश्वर सर्वांस शांती देवो.